कुसात्सुचे गरम पाणी आणि पाण्याबाहेर ठेवलेली माणसे

जपानहून आल्यापासून विहारात, लग्नात, एसटीत, जिथे भेटेल तिथे बायाबापड्यांचा मला एकच प्रश्न असतो. "ताई, तिकडच्या त्या गंधकाच्या पाण्याने गुडघे बरे होतात का हो?" मी परिचारिका आहे, नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन वीस वर्षे वॉर्डात उभी राहिलेली. त्यामुळे उत्तर सरळ देते. आखडलेले गुडघे गरम पाण्यात थोडा वेळ सुटतात, दुखणे काही तास हलके वाटते, रात्री झोप चांगली लागते. झिजलेला सांधा मात्र पाण्याने भरून येत नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात येत नाही, उनकेश्वरला येत नाही आणि जपानातही येत नाही.

पण त्या पाण्याबद्दल सांगण्यासारखे खरे आहे ते वेगळेच, आणि ते कोणी विचारत नाही. म्हणून आरोग्याच्या या पानावर ते लिहिते आहे.

माझी भाची आणि तिचा नवरा गुनमा प्रांतात ताकासाकी शहरात राहतात. तो कारखान्यात इंजिनिअर आहे, ती एका वृद्धाश्रमात सेविका. तिच्या बाळंतपणासाठी मी फेब्रुवारी ते एप्रिल तिथे होते, आणि नंतर बाळाला बघायला ऑक्टोबरात पुन्हा गेले. दोन्ही वेळा मिळून कुसात्सुला माझ्या चार फेऱ्या झाल्या. आपल्याकडच्या बौद्ध स्थळांच्या सहली आता जपानलाही जाऊ लागल्या आहेत. भदन्त सुरई ससाईंमुळे तो देश आपल्या लोकांना तसा परकाही वाटत नाही. त्या सहलींच्या पत्रकात 'गरम पाण्याचे झरे' अशी एक ओळ असते. ती ओळ वाचून पैसे भरणाऱ्यांनी हे वाचावे.

कुसात्सु हे डोंगरावरचे गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर. टोकियोच्या उएनो स्टेशनवरून नागानोहारा-कुसात्सुगुची या स्टेशनापर्यंत गाडी जाते, पुढे बसने पंचवीसेक मिनिटे. गावाच्या वर शिराने नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. जिवंत म्हणजे खरोखर जिवंत: जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या शेजारच्या शिखराचा स्फोट झाला, तेव्हा बर्फावर सराव करणारा एक सैनिक मेला. या डोंगराच्या पोटातल्या उष्णतेनेच गावाचे पाणी तापते. गावाच्या मधोमध युबाताके आहे. शब्दाचा अर्थ 'गरम पाण्याचे शेत'. आपल्या पाटासारख्या लांब लाकडी पन्हळींतून वाफाळते पाणी वाहत असते, तिथेच ते थोडे निवते आणि तळाशी गंधकाचा पिवळट साका बसतो. तो खरवडून, वाळवून विकतात. या एका ठिकाणी मिनिटाला सुमारे ४००० लिटर पाणी वर येते, आणि सगळ्या गावाचे मिळून ३२ हजार लिटरच्या वर. हा आकडा ऐकून उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या बाईच्या मनात काय येते ते लिहायला नको.

हे पाणी अत्यंत आम्ल आहे. सामू दोनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतके आंबट. लोखंडी खिळा त्यात ठेवला तर थोड्या दिवसांत झिजून जातो. चांदीचे दागिने काळे पडतात, म्हणून पैंजण-जोडवी खोलीवर काढून ठेवावीत. डोळ्यात गेले तर चांगलेच झोंबते. इतक्या आम्ल पाण्यात त्वचेवरचे बरेच जंतू टिकत नाहीत, त्यामुळे खरूज, खाज, चिघळलेल्या जखमा यांना पूर्वी त्याचा गुण येत असे, आणि तो खोटा नव्हता. साबण दुर्मीळ आणि जंतुनाशके नव्हतीच, अशा काळात असले पाणी हेच औषध. टोकियोत वैद्यकशास्त्र शिकवायला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स यांनी या गावाचे पाणी आणि डोंगरावरची हवा यांची वाखाणणी केली आणि कुसात्सुचे नाव बाहेरच्या जगात गेले. त्यांचे स्मारक गावात आहे.

पाणी इतके कढत असते की थेट उतरता येत नाही. त्यात गार पाणी ओतले तर गुण जातो असे गावकरी मानतात. म्हणून बायका हातभर रुंदीच्या, पुरुषभर उंचीच्या लाकडी फळ्यांनी पाणी ढवळून ढवळून निववतात आणि ढवळताना गाणी म्हणतात. याला युमोमी म्हणतात. आता हा पर्यटकांसाठी खेळ झाला आहे, तिकीट काढून बघायचा. मला ते बघताना जात्यावरच्या बायका आठवल्या. कष्टाचे काम असले की बाई गाणे शोधतेच. ढवळल्यानंतरची जुनी पद्धत अशी: डोक्यावर तांब्याने पाणी ओतून घ्यायचे, मग ४८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात सगळ्यांनी एकदम बसायचे, आणि तीन मिनिटे झाली की एकदम उठायचे. मधे म्होरक्या वेळ पुकारत असतो. नर्स म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. ४८ अंशांवर धडधाकट कातडीलाही मिनिटे मोजावी लागतात.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा गावावर गुडघाभर बर्फ होते. युबाताकेवरून वाफ उठत होती, दिव्यांच्या उजेडात ती कधी हिरवी, कधी पांढरी. अंगावर स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर भाचीचा कोट. आणि स्नानगृहात मात्र एकही कपडा चालत नाही. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, पण आत सगळ्या उघड्या. आपल्याकडच्या बाईला हे पहिल्यांदा फार जड जाते. मलाही गेले. पण पाच मिनिटांत लक्षात आले की कोणी कोणाकडे बघत नाही. सत्तरीच्या आज्या, सिझेरियनचे व्रण, वाकलेल्या पाठी, सुरकुतलेली पोटे, सगळे एका पाण्यात. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात उतरायचे, आणि अंग पुसायचा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. हा शिस्तीचा भाग मला फार आवडला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी खास झगा मिळतो, तो घालून त्यांना पाण्यात उतरू द्यावे असे तिथले सरकारही सांगते. आपल्या जलतरण तलावांनी हे शिकण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. अनेक ठिकाणी दारावर पाटी असते, गोंदवलेल्यांना प्रवेश नाही. तिथे गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळीची खूण, असा समज आहे. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होते. ती माउली तिथे गेली असती तर तिला दारातूनच परत पाठवले असते.

थंडीतल्या स्नानाबद्दल आरोग्याचे दोन शब्द इथेच सांगून टाकते. जपानात दरवर्षी हजारो म्हातारी माणसे आंघोळीच्या टबात मरतात, आणि त्यातली बरीचशी हिवाळ्यात. गार खोलीत कपडे काढले की रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. कढत पाण्यात बसले की वाहिन्या एकदम सैल पडतात, दाब झपकन उतरतो. घेरी येते, डोके पाण्यात जाते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने, हृदयविकार असलेल्याने ४२ अंशांच्या वरच्या पाण्यात उतरूच नये. जेवून लगेच नाही, दारू पिऊन तर कधीच नाही. पाच-सात मिनिटांनी बाहेर यावे, उठताना कठडा धरून हळू उठावे, पाणी प्यावे. अंगात ताप, न बरा झालेला क्षय, फार कमी रक्त, कुठून रक्तस्राव होत असेल तर बाहेरच बसावे. १९४८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक झऱ्यावर पाण्यात काय आहे आणि कोणी उतरू नये याचा फलक लावावाच लागतो. गरोदर बाईचे नाव त्या मनाईच्या यादीत पूर्वी असे, २०१४ साली ते काढले. कोरड्या, नाजूक कातडीच्या माणसाने कुसात्सुसारख्या आम्ल पाण्यातून निघाल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन घ्यावे.

आणि ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे, मधुमेहाने असो वा आणखी कशाने, त्यांनी पाय घालण्याआधी दुसऱ्याच्या हाताने पाणी तपासून घ्यावे. भाजलेले त्यांना कळत नाही. फोड दिसतो तेव्हाच कळते.

हे 'आणखी कशाने' म्हणजे कुष्ठरोग, आणि कुसात्सुची खरी कहाणी तिथूनच सुरू होते.

या गावाची जुनी ख्याती गुडघ्यांची नव्हती, कातडीच्या रोगांची होती. त्यामुळे देशभरातून कुष्ठरुग्ण इथे येत. घराने काढलेले, गावाने काढलेले, शेवटचा आसरा म्हणून डोंगर चढून आलेले. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो नसांच्या आत राहतो, कातडीवरून वाहणाऱ्या आम्ल पाण्याचे तिथे काही चालत नाही. पण वरवरच्या जखमांना आराम पडे, आणि त्याहून मोठे म्हणजे इथे कोणी हाकलत नसे. पुढे गावाला वाटू लागले की हे लोक दिसले तर पैसेवाले पाहुणे येणार नाहीत. १८८७ साली रुग्णांना गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी वेगळी वस्ती करून दिली. तिचे नाव युनोसावा. गाव वर, वस्ती खाली. हा नकाशा या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

तरी युनोसावाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती दयेवर जगणारी वस्ती नव्हती. रुग्ण तिथे घरे बांधून, लग्ने करून, दुकाने-खानावळी चालवून राहत. कर भरत, मतदान करत, आपला कारभार आपण बघत. १९३० च्या सुमारास तिथे सुमारे ८०० माणसे होती. १९१६ साली मेरी हेलेना कॉर्नवॉल ली नावाची एक इंग्रज मिशनरी बाई साठीच्या उंबरठ्यावर असताना इथे येऊन राहिली. तिने घरे उभारली, शाळा काढली, दवाखाना काढला. रुग्ण तिला आई म्हणत. त्या दवाखान्यात डॉक्टर होत्या हात्तोरी केसा आणि परिचारिका होत्या मिकामी चियो, दोघीही जपानी. पुढे या दोघींनी १९२४ मध्ये कुसात्सुतच आपला वेगळा दवाखाना सुरू केला, आणि महिन्याच्या आत हात्तोरी केसा वारल्या. अवघ्या चाळीस वर्षांच्या. मिकामी चियो यांनी काम सोडले नाही. आयुष्यभर त्या कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. १९५७ साली त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळाले, परिचारिकेला जगात याहून मोठा मान नाही. नर्सिंग शिकताना आम्हाला नाइटिंगेलबाईंचा दिवा पाठ करायला लावला. मिकामी चियोंचे नाव कोणत्याही पुस्तकात नव्हते.

दयेची आणि सेवेची ही बाजू. आता सरकारची बाजू बघा. जपानने १९०७ मध्ये पहिला कुष्ठरोग कायदा केला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांपुरता. १९३१ मध्ये तो सगळ्याच रुग्णांना लावला. 'आमचा प्रांत कुष्ठमुक्त' अशी मोहीम निघाली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करायची, पोलीस आणि आरोग्य खात्याची माणसे येऊन रुग्णाला घेऊन जायची, घरावर भर दिवसा पांढरे जंतुनाशक फवारायची, म्हणजे गावाला आपोआप कळायचे. कुसात्सुजवळ १९३२ साली कुर्यु राकुसेन-एन नावाचे सरकारी रुग्णालय काढले. झऱ्याचे पाणी नळाने तिथवर नेले. म्हणजे पाणी तेच. माणसे मात्र तारेच्या आत. १९४१ मध्ये युनोसावाची वस्ती मोडून टाकली. आपला कारभार आपण चालवणाऱ्या माणसांना 'रोगी' म्हणून भरती केले. १९४० च्या दशकात तिथे १३०० हून जास्त माणसे होती.

मी हे एप्रिलमध्ये पाहिले. डोंगरावर वसंत उशिरा येतो. ताकासाकीत चेरीचा बहर ओसरला होता आणि कुसात्सुत कळ्या जेमतेम फुगल्या होत्या, झाडांच्या बुंध्याशी अजून मळके बर्फ होते. राकुसेन-एनच्या आवारात २०१४ साली सुरू झालेले एक छोटे संग्रहालय आहे. त्याचे नाव जुकानबो, म्हणजे कडक शिक्षेची कोठडी. १९३८ ते १९४७ या काळात इथे खरोखरीची कोठडी होती. कागदोपत्री तिचे नाव 'विशेष रुग्णकक्ष'. देशभरच्या कुष्ठरुग्णालयांतून 'डोईजड' रुग्णांना इथे पाठवत. खटला नाही, वकील नाही, रुग्णालयाच्या संचालकाचा हुकूम पुरे. हिवाळ्यात इथे पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत जातो, आणि कोठडीत शेगडी नव्हती. एकूण ९३ जणांना कोंडले. २३ मेले. संग्रहालयात त्या खोल्या मूळ मापाने पुन्हा बांधल्या आहेत. मी आत जाऊन उभी राहिले. भिंतीत वर एक अरुंद फट, खाली अन्न सरकवायचे भोक.

कोणत्या गुन्ह्यासाठी? एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. टोकियोजवळच्या रुग्णालयात धुण्याचे काम रुग्णांकडूनच करून घेत. पट्ट्या, चादरी, पू लागलेले कपडे. धोब्यांचे रबरी बूट फाटले, पाणी आत जाऊन पायाच्या जखमा चिघळू लागल्या. त्यांनी नवे बूट मागितले, काम थांबवले. १९४१ साली त्यांच्या म्होरक्याला या डोंगरावर पाठवले. तो जगला नाही. बधिर पायाला ओल लागली की काय होते हे कुठलीही नर्स सांगेल. त्या माणसाची मागणी ही नुसती मागणी नव्हती, ते बरोबर वैद्यकीय मत होते.

राकुसेन-एनमध्येही रुग्णांना राबवून घेत. बर्फातून कोळशाची ओझी पाठीवर वाहायला लावत. ज्यांच्या बोटांना स्पर्श कळत नाही त्यांना हिमदंश झालेलाही कळत नाही, बोटे गेली की मग कळते. पर्यटकांच्या पत्रकात जो 'कुसात्सुचा शुभ्र हिवाळा' असतो, तो हाच हिवाळा.

रुग्णांनी लग्न करायचे तर पुरुषाची नसबंदी आधी. बाई गरोदर राहिली तर गर्भपात. १९४८ च्या कायद्याने याला राजरोस परवानगी दिली. या सगळ्यात डॉक्टर होते आणि परिचारिकाही होत्या. मिकामी चियोही परिचारिका आणि शस्त्रक्रियेचा ट्रे हातात धरून उभी असलेलीही परिचारिकाच. आपल्या व्यवसायात दोन्ही वंश आहेत.

आता धम्माचा प्रश्न. जपान बौद्ध देश ना? मग हे कसे झाले? तिथे कुष्ठरोगाला कर्माचा रोग म्हणत, मागच्या जन्मीच्या पापाचे फळ. भिक्षूंनी प्रवचनांतून तेच सांगितले: हा तुझा भोग आहे, मुकाट सोस, आणि सरकार ठेवील तिथे राहा. पालीतल्या उदानात राजगृहाच्या एका दरिद्री कुष्ठरुग्णाची कथा आहे, सुप्पबुद्ध. गर्दी दिसली म्हणून अन्न मिळेल या आशेने तो गेला, तर तिथे भगवान बुद्ध धम्म सांगत होते. बुद्धांनी त्या अख्ख्या सभेत समजण्याची पात्रता कोणात आहे हे पाहिले आणि त्या कुष्ठरुग्णाकडे बघून उपदेश केला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ही कथा घेतली आहे. मूळ पाली कथेच्या शेवटी मागच्या जन्मीचे पाप हे कारणही जोडलेले आहे. पण मागच्या जन्मीचे कर्म या जन्मात भोगावे लागते हा विचार बाबासाहेबांनी बुद्धाचा मानलाच नाही, कारण त्याचा उपयोग फक्त एकच: गरिबाच्या दुःखाची जबाबदारी गरिबावरच टाकणे. कुसात्सुच्या कोठडीत उभे राहिल्यावर मला हे पुस्तकातून कळले होते त्याहून जास्त कळले. तिथल्या एका मोठ्या पंथाने, शिनशू ओतानी शाखेने, १९९६ साली या पापातल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. उशिरा मागितली, पण मागितली. आपल्याकडे कर्माचे पाढे वाचणाऱ्या कोणत्या मठाने आजवर अशी माफी मागितली?

१९९६ हे साल लक्षात ठेवा. कुष्ठरोगावर गुणकारी औषध १९४० च्या दशकातच निघाले होते आणि युद्धानंतर जपानातही मिळू लागले. रोग बरा होऊ लागला. तरी १९५३ साली जपानने कोंडून ठेवण्याचा नवा कायदा केला, रुग्ण संसदेसमोर धरणे धरून बसले असताना केला, आणि तो १९९६ पर्यंत चालू ठेवला. मे २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने निकाल दिला की निदान १९६० नंतर तरी कोंडण्याला कसलाही आधार नव्हता. सरकारने अपील केले नाही, भरपाई दिली. २०१९ मध्ये कुटुंबीयांनाही न्याय मिळाला.

कायदा गेला म्हणजे विटाळ गेला का? २००३ साली कुमामोतोतल्याच एका गरम पाण्याच्या गावात एका हॉटेलने बऱ्या झालेल्या जुन्या रुग्णांची सहल नाकारली. कारण काय, तर इतर पाहुण्यांना त्रास होईल. ही माणसे कधीच बरी झालेली, वयाने म्हातारी. त्यांनी हॉटेलची वरवरची माफी स्वीकारली नाही, तेव्हा लोकांची पत्रे आली ती हॉटेलला नव्हे, त्या म्हाताऱ्यांना शिव्या देणारी. सरकारच्या पैशावर जगता आणि तोरा कसला, अशा अर्थाची. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. सवलतींवरून आपल्या मुलांना कॉलेजात जे ऐकावे लागते, त्याच साच्यातली.

उन्हाळ्यातले कुसात्सु मी पाहिलेले नाही. भाची सांगते की खाली शहरात अंगाची लाही होत असताना वर हवा गार असते, ऑगस्टमध्ये संगीताचा महोत्सव भरतो, हॉटेले भरलेली असतात. ऑक्टोबर मात्र मी पाहिला. आधी डोंगरमाथा लाल होतो आणि मग तो रंग रोज थोडा थोडा खाली गावात उतरतो. साइनोकावाराच्या बागेतल्या उघड्या कुंडात बसले की चहूबाजूंनी पिवळी-तांबडी झाडे. खोटे कशाला बोलू, इतके सुंदर स्नान मी आयुष्यात केले नाही. मी कोणाला तिथे जाऊ नका म्हणत नाही. जाच, आणि तिथून थोड्याच अंतरावर राकुसेन-एन आहे तिथेही जा. आता तिथे मोजकी वृद्ध माणसे उरली आहेत, सरासरी वय ऐंशीच्या पुढे. जायला दुसरे घर नाही. तिथे अस्थी ठेवण्याची एक वास्तू आहे. ज्यांच्या अस्थी न्यायलाही घरचे आले नाहीत त्या तिथे आहेत. घराण्याला बट्टा लागू नये म्हणून कितीतरी जण खोट्या नावाने जगले आणि खोट्या नावानेच मेले. सहल नेणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे की कार्यक्रमपत्रिकेत एक दुपार इथली ठेवा. खरेदीची एक दुपार कमी झाली तर काही बिघडत नाही.

जपानला नावे ठेवून मोकळे व्हायचे नाही. आग्र्याची 'जालमा' संस्था साठच्या दशकात जपानी लोकांच्याच पैशाने उभी राहिली आणि १९७६ साली त्यांनी ती आपल्या सरकारच्या हाती दिली, हेही खरे आहे. आपला १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मिळण्याची सोय २०१९ मध्ये काढली. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात. मी जिथे नोकरी केली त्या एका रुग्णालयात पूर्ण उपचार घेऊन बरी झालेली एक बाई मोडलेल्या हातासाठी भरती झाली होती. तिची वाकडी बोटे दिसली आणि तिचा पलंग संडासाच्या दारापाशी सरकवला गेला. तिचा पेला वेगळा ठेवला. मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, तर माझी बदली झाली. नोकरी सोडून चळवळीत येण्याची जी कारणे आहेत, त्यातले हे एक.

म्हणून शेवटी कामाचे सांगते. फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि जिथे स्पर्श कळत नाही, तो लपवू नका. हातापायाला मुंग्या, चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणे, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागणे, पापणी पूर्ण न मिटणे, यातले काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषधाची पाने फुकट मिळतात. उपचार रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष. पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत माणसापासून लागण होण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. घरातच राहायचे, त्याच ताटात जेवायचे, त्याच न्हाणीत न्हायचे. कुंडाच्या पाण्याने चट्टा जाईल म्हणून कोणी उनकेश्वरला किंवा गणेशपुरीला घेऊन निघाले, तर आधी आरोग्य केंद्र गाठा, कुंड नंतर. जितके महिने कुंडात जातील तितक्या नसा मरतील, आणि मेलेली नस औषधानेही परत येत नाही.

ज्यांचे पाय आधीच बधिर झाले आहेत त्यांनी रोज रात्री साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवावेत, पाणी कोमट आहे की कढत हे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कोपराने तपासून घ्यावे. मग खरखरीत भाग दगडाने हलके घासावा, पाय ओले असतानाच खोबरेल तेल लावावे, आणि तळवे बघण्यासाठी एक छोटा आरसा जवळ ठेवावा.